तारेभोवतीचं चुंबकीय क्षेत्र होकायंत्राने मोजा

पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक इंदूरला साधारण ३७ मायक्रोटेस्ला भरतो. तोच आपला मापदंड: सुई किती वळली यावरून तारेचं क्षेत्र त्याच्या किती पट आहे ते कळतं.

स्कूटरची १२ व्होल्टची बॅटरी, पुश स्विच, १० अँपिअरच्या खाचेचा मल्टिमीटर, १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार आणि इंडिकेटरचे २१ वॅटचे दोन बल्ब घ्या. बल्ब एकमेकांना समांतर जोडा; ही जोडी, स्विच आणि मल्टिमीटर तारेशी एकसरीत (एकामागोमाग एक) लावा. साडेतीन अँपिअरच्या आसपास प्रवाह मिळतो. बल्ब वगळलेत तर शॉर्ट सर्किट होऊन तारेचं आवरण वितळेल. घरच्या २३० व्होल्टला हात लावू नका: जिवाला धोका आहेच, शिवाय उलटसुलट प्रवाहाने सुई हलतही नाही.

लाकडी टेबलावर होकायंत्र ठेवा. मोबाईल, स्टीलची पट्टी, लोखंडी कपाट दूर असू द्या. सुईच्या बरोबर वर, तिला समांतर, मीटरभर तार ताणून बांधा. परतीची तार मात्र सुईच्या पातळीतच, बाजूला अर्धा मीटर लांबून न्या. तिथून तिचं क्षेत्र सुईपाशी उभं येतं, त्यामुळे सुई वळत नाही. हीच तार मुख्य तारेला चिकटून गेली, तर दोघींची क्षेत्रं जवळजवळ रद्द होतात, आणि बहुतेक फसलेल्या प्रयोगांचं कारण हेच असतं.

स्विच दाबून दोन सेकंद थांबा, कारण थंड फिलामेंट सुरुवातीला जास्त प्रवाह ओढतं. प्रवाह दक्षिणेकडून उत्तरेकडे असेल तर सुईचं उत्तर टोक पश्चिमेला वळेल. कोन वाचा, बॅटरीची टोकं बदलून पुन्हा वाचा, सरासरी घ्या.

क्षेत्र = ३७ × टॅन (कोन) मायक्रोटेस्ला. सूत्राने ते २० × प्रवाह ÷ अंतर यायला हवं. प्रवाह अँपिअरमध्ये, तारेपासून सुईपर्यंतचं अंतर सेंटिमीटरमध्ये. साडेतीन अँपिअरला ४ सेंटिमीटरवर १७.५ मायक्रोटेस्ला, म्हणजे सुमारे २५ अंश. ८ सेंटिमीटरवर सुमारे १३ अंश. सुई २ सेंटिमीटरची असेल तर ३ सेंटिमीटरहून जवळ जाऊ नका. सुईची टोकं आणि मध्य यांना सारखं क्षेत्र मिळत नाही.

एकाच वाचनावर विसंबू नका. चार-पाच अंतरं घेऊन १ ÷ टॅन (कोन) आणि अंतर यांचा आलेख काढा. रेषा सरळ यायला हवी. साडेतीन अँपिअरला दर सेंटिमीटरमागे सुमारे ०.५३ चा चढ. ती अंतराच्या अक्षाला शून्याच्या डावीकडे ५ मिलिमीटरवर छेदत असेल, तर अंतर सुईऐवजी वरच्या काचेपर्यंत मोजलं गेलंय. प्रत्येक अंतरात ५ मिलिमीटर मिळवा आणि आकडेमोड पुन्हा करा.