वसंतात सेंद्रिय भाजीच्या शेतावर स्वयंसेवक म्हणून काम कसं करावं: आधी खुरपणी शिका

या विषयावरचे बरेच लेख वाचले की टोपी, बूट, पाण्याची बाटली आणि सनस्क्रीन एवढंच हाती लागतं. ते तुम्हाला कळतं, त्यावर मी वेळ घालवत नाही. शेतावर पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात तुमच्या हातात काय येतं तर खुरपं, आणि ते कसं आणि कधी चालवायचं हे मात्र कुणी धड सांगत नाही. सेंद्रिय शेतात तणनाशक मारायचा प्रश्नच नसतो, वसंतात जमीन तापायला लागली की पेरलेलं बी आणि तणाचं बी एकदमच उठतं, आणि छोट्या शेतावर कामाला असतात दोन नाहीतर तीन माणसं. तुम्हाला बोलावतात ते मुख्यतः याच्यासाठी. त्यामुळे खाली बाकीच्या पायऱ्या मी भराभर उरकणार आहे आणि खुरपणीवर मनसोक्त बोलणार आहे.

१. शेत ठरवणं

ओळखीतून मिळालं तर उत्तमच. नाहीतर वूफसारखी (WWOOF) सेंद्रिय शेतं आणि स्वयंसेवक यांची गाठ घालून देणारी नेटवर्क्स आहेत, १९७१ मध्ये लंडनमध्ये सेक्रेटरीची नोकरी करणाऱ्या स्यू कोपार्ड यांनी शनिवार-रविवारी शहरातल्या लोकांना सेंद्रिय शेतावर न्यायला सुरुवात केली त्यातून वूफ निघालं, आता ते कितीतरी देशांत आहे. साधारण पद्धत अशी की दिवसाला ४ ते ६ तास काम आणि बदल्यात राहणं-जेवण. जायच्या आधी तीन गोष्टी लेखी विचारून घ्या: रोज किती तास, आठवड्यात सुट्टी कधी, आणि काम शिकवायला शेजारी कोण असणार. तिसऱ्याचं उत्तर गोलमोल आलं तर दुसरं शेत बघा. परदेशात जात असाल तर व्हिसाचं यजमानाच्या शब्दावर सोडू नका, जेवण-राहण्याच्या बदल्यात केलेलं कामसुद्धा बऱ्याच देशांत नोकरीच धरतात, थेट दूतावासाच्या अधिकृत माहितीतून खात्री करा. आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन १० वर्षं झाली असतील तर आधी ते घ्या.

२. पहिला दिवस

शेत मालकाबरोबर फिरून घ्या आणि पाय कुठे ठेवायचा नाही ते विचारा. वाफ्यावर पाय नाही, म्हणजे नाहीच, एक पाऊलसुद्धा नाही. दबलेल्या मातीत हवा राहत नाही, गाजराला फाटे फुटतात आणि ती माती परत भुसभुशीत व्हायला फार काळ जातो.

दुसरं, वाफसा, म्हणजे मातीत काम करता येईल इतपतच ओल, ओळखायला शिका. मूठभर माती दाबा, गोळा झाला तर त्याला बोटाने टोचा. फुटला तर कामाला लागा, चिखलासारखा चिकटून राहिला तर त्या वाफ्यात आज काही करायचं नाही, कितीही काम तुंबलेलं असलं तरी. ओल्या मातीत काम केलं की वाळल्यावर तिची ढेकळं होतात. उत्साही माणसं नेमकी इथे घाई करतात.

३. रोपं लावणं

सोपं आहे. ट्रेला आधी भरपूर पाणी द्या, ऊन उतरल्यावर लावा, कोबी-फ्लॉवर खालच्या पानांपर्यंत मातीत चालतं, लेट्यूसचा गाभा मात्र मातीत जाऊ द्यायचा नाही, कुजतो. लावल्यावर मुळाभोवती माती दाबा, पाणी द्या, झालं.

४. खुरपणी

आता मुद्द्याचं. मलाही हाच टप्पा सगळ्यात जड गेला, आणि तो हाताने नाही तर डोळ्याने शिकायचा असतो हे कळेपर्यंत बराच काळ गेला.

सगळ्यात वाईट सल्ला, जो प्रत्येक ठिकाणी मिळतो, तो म्हणजे "तण दिसायला लागलं की काढा". नाही! तण डोळ्यात भरण्याइतकं मोठं झालं म्हणजे तुम्हाला उशीर झालाय. तणाला मारायची खरी वेळ म्हणजे बी नुकतं मोडावलंय, मातीच्या वरच्या थरात पांढऱ्या दोऱ्यासारखं मूळ आहे, आणि वर हिरवं काही नाही किंवा जेमतेम दोन पानं आहेत. या अवस्थेत नुसती माती हलवली तरी ते मरतं. अख्खा वाफा उभ्याउभ्या थोड्या वेळात होतो. तेच दोन आठवडे थांबलात तर गुडघ्यावर बसून एकेक उपटत अर्धा दिवस जातो, वर पिकाची मुळं दुखावतात ती वेगळीच. म्हणून वाफा वरून स्वच्छ दिसत असला तरी खाली वाका, बोटाने माती जरा उकरा आणि ते पांढरे दोरे आहेत का बघा. असतील तर आजच काम करा. मालक "तिकडे तर काही दिसत नाहीये" म्हणाला तर त्याला ते दोरे दाखवा, जाणता शेतकरी लगेच हो म्हणेल.

दुसरा वाईट सल्ला: "खोल खणून मुळासकट काढा". एका वर्षात संपणाऱ्या तणासाठी हा सल्ला साफ चुकीचा आहे. मातीत तणाचं बी वर्षानुवर्षं पडून असतं, चाकवताचं बी तर कित्येक दशकं जिवंत राहू शकतं, आणि एक मोठं झाड हजारोंनी बी टाकतं. खोल खणलंत की ते झोपलेलं बी उजेडाला येतं आणि उजेड मिळाला की त्यातलं पुष्कळसं उगवतं. म्हणजे आजचं तण काढून पुढच्या महिन्याचं पेरून ठेवलंत. पातं जमिनीला जवळजवळ समांतर ठेवा आणि १ ते २ सेंटिमीटरच्या खाली जाऊ नका.

लांब दांड्याचं हातकोळपं, म्हणजे उभ्याने माती वरवर खरवडायचं अवजार, मिळालं तर तेच घ्या. पाठ सरळ, दांडा अंगाजवळ, अंगठे वरच्या बाजूला, आणि पातं स्वतःकडे हलकं ओढायचं, कुऱ्हाडीसारखं मारायचं नाही. पात्याला धार हवी, बोथट पातं तण कापत नाही, नुसतं वाकवतं. कानस खिशात ठेवा आणि एकेक वाफा झाला की दोन हात मारा. चाल उलटी ठेवा, म्हणजे हलवलेल्या तणावर तुमचाच पाय पडणार नाही. पाय पडला की ते पुन्हा मातीत रुततं आणि दोन दिवसांनी मान वर काढतं.

वेळ कोणती? सकाळी, दव गेल्यावर, जेव्हा दिवसभर कडक ऊन किंवा कोरडा वारा असणार आहे. दुपारपर्यंत तण वाळून गेलं पाहिजे. संध्याकाळी पाऊस सांगितलाय आणि तुम्ही सकाळी खुरपताय तर ते काम नाही, ती तणाची पुनर्लागवड आहे. पाणी द्यायचं असेल तर आधी विचारा, एक दिवस पुढे ढकलता येईल का. तण घोळीचं (घोळ भाजीचं) असेल तर उपटून वाफ्यात टाकूच नका, तिचं खोड जाड आणि पाणीदार असतं, ती पडल्या जागी परत मूळ धरते आणि फुलं आलेली असतील तर उपटल्यावरही बी पिकवते. ती पाटीत भरून वाफ्याबाहेर न्या.

आता पीक आणि तण ओळखायचं कसं, कारण भीती सगळ्यांना याचीच असते. पहिला नियम, पीक ओळीत असतं, तण कुठेही. ओळीची दोन्ही टोकं शोधा, मध्ये दोरी ताणा, मग बघा. गाजराची पहिली दोन पानं लांब, बारीक, गवतासारखी असतात, लोक तिथेच फसतात, नक्षीदार पान त्यानंतर येतं. गाजर उगवायला १० ते २१ दिवस घेतं, तेवढ्यात तण दोनदा उगवून मोकळं होतं. कांदा उगवतो तेव्हा एकच हिरवी काडी दुमडलेली असते. बीटच्या रोपाचा देठ लालसर असतो आणि एका जागी दोन-तीन रोपं झुपक्याने येतात. बीट, पालक आणि चाकवत एकाच कुळातले, त्यामुळे लहानपणी गोंधळ होतोच, पण चाकवताच्या कोवळ्या शेंड्यावर पांढरट पीठ असतं ते बघा. तरीही शंका असेल तर हात लावू नका, विचारा. दहा वेळा विचारलेलं परवडतं, गाजराची एक ओळ गेली की ती त्या हंगामात परत उभी करायला महिना मागे जातो. उष्ण भागात असाल तर गाजर गवताकडे लक्ष द्या, पान गाजरासारखं दिसतं आणि बऱ्याच जणांच्या कातडीला त्याने पुरळ येतं, हातमोजे घालून फुलायच्या आत काढा.

दोन ओळींमधली जागा कोळप्याने, ओळीपासून दोन बोटं अंतर सोडून. ओळीतलं तण बोटांनी, आणि इथे पद्धत महत्त्वाची आहे: एका हाताची दोन बोटं रोपाच्या दोन्ही बाजूंना मातीवर दाबून धरा आणि दुसऱ्या हाताने तण ओढा, म्हणजे रोप हलत नाही. तण मोठं होऊन गाजराला अगदी चिकटलं असेल तर ओढूच नका, जमिनीलगत चाकूने कापा. झालं काम.

बहुवर्षायू तणाचं गणित वेगळं. हरळी, लव्हाळा, हरणखुरी, यांना पृष्ठभागावर कापून ती जात नाहीत, आणि तुकडे केले तर वाढतात, हरळीचा नि हरणखुरीचा प्रत्येक तुकडा नवं झाड होऊ शकतो, लव्हाळ्याच्या गाठी साखळीने असतात, वरचा पाला उपटला की खालच्या गाठी जाग्या होतात. ही दिसली की वरवरची खुरपणी थांबवा, खणायचा काटा किंवा कुदळ मागून घ्या, माती सैल करून जितकं अखंड निघेल तितकं काढा, आणि ते कंपोस्टच्या ढिगात टाकायचं नाही. वाळवायला वेगळी जागा कुठे आहे ते मालकाला विचारा. आणि एकदा काढून हे संपणार नाही हे मनात धरूनच हात घाला.

अजून एक गोष्ट, ज्याच्यावर माझं मत पक्कं आहे. काम तुंबलं की सगळे सगळ्यात माजलेल्या वाफ्याकडे धावतात, कारण तो डोळ्यांना खुपतो. उलटं करा. जिथे तण अजून दोऱ्याएवढं आहे ते वाफे आधी, कारण तिथे एका तासात चार वाफे वाचतात. माजलेल्या वाफ्यात फक्त फुलावर आलेले शेंडे छाटून बाहेर न्या म्हणजे बी पडणार नाही, बाकी नंतर. पिकांतही क्रम आहे: गाजर आणि कांदा सगळ्यात आधी, त्यांची पानं बारीक असतात, सावली पडत नाही, पहिले चार-सहा आठवडे ते स्वतःचं रक्षण करूच शकत नाहीत. कोबी, भोपळा यांना एक-दोन खुरपण्या पुरतात, मग त्यांची पानंच जमीन झाकतात. एकदा केलं की ७ ते १० दिवसांनी परत त्याच वाफ्यात, तेव्हाही तिथे काही दिसत नसेल, तरी.

काही शेतांवर पेरणीच्या आधी वाफा तयार करून, पाणी देऊन, तण मुद्दाम उगवू देतात आणि वरवर कोळपून मारतात, मगच बी टाकतात. तुम्हाला रिकामा वाफा कोळपायला सांगितला तर कंटाळू नका, गाजराचं निम्मं काम तिथेच होतं. काही ठिकाणी गाजर वर यायच्या अगदी आधी गॅसच्या ज्योतीने वाफ्यावरचं तण भाजतात, आणि वेळ कळावी म्हणून ओळीच्या एका टोकाला काचेचा तुकडा ठेवतात, काचेखाली ऊब असल्याने गाजर दोन-तीन दिवस लवकर उगवतं आणि ते दिसलं की बाकीचा वाफा भाजायचा. बघायला जरूर थांबा, पण कुणी शिकवल्याशिवाय बर्नर हातात घेऊ नका.

५. विरळणी

म्हणजे दाट उगवलेली जादा रोपं काढणं. ओलसर पण चिकट नसलेल्या मातीत, संध्याकाळी, दोन गाजरांत दोन-तीन बोटं अंतर. थंड प्रदेशात गाजरमाशी असेल तर तोडलेल्या पाल्याच्या वासावर ती येते, म्हणून काढलेली रोपं तिथे सोडू नका.

६. तोडणी आणि आच्छादन

पालेभाजी सकाळी गार असताना तोडा आणि लगेच सावलीत न्या. पेंढ्याचं आच्छादन खुरपणी झाल्यावर आणि माती तापल्यावरच टाका, थंड मातीवर आधीच टाकलं तर रोपं वाढायची थांबतात आणि खाली गोगलगायी जमतात.

७. दिवस संपताना

अवजारांची माती पुसा, पातं कोरडं करा, खुरपं वाफ्यात विसरू नका. मग मालकाला नेमकं सांगा की कुठला वाफा झाला, कुठल्या ओळीपर्यंत थांबलात, आणि हरळी किंवा लव्हाळा कुठे दिसला. जिथे थांबलात तिथे काठी रोवून ठेवा, कारण उद्या तिथे कदाचित दुसरंच कोणी बसेल.