दोषाधारित घटस्फोटाचा अर्ज: कारण कसे मांडावे आणि ते कसे सिद्ध करावे

परस्पर संमती मिळण्याची आशा संपली की एका जोडीदाराला दुसऱ्याविरुद्ध अर्ज करावा लागतो आणि कायद्याने मान्य केलेला दोष न्यायालयात सिद्ध करावा लागतो. हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख दांपत्यांना यासाठी हिंदू विवाह कायदा, १९५५ लागू होतो. पुढील विवेचन त्याच कायद्यापुरते आहे. मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी आणि विशेष विवाह कायद्याखाली लग्न केलेल्यांचे कायदे वेगळे आहेत आणि गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेला कौटुंबिक कायदा लागू आहे.

सर्वप्रथम आपले कारण कायद्यात बसते का, ते पाहावे. ‘आमचे पटत नाही’ किंवा ‘संसार आता जुळणार नाही’ हे या कायद्याखाली घटस्फोटाचे कारण नाही. विवाह पूर्णपणे मोडला आहे एवढ्याच आधारावर घटस्फोट देण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ खाली स्वतःपुरता मान्य केला आहे आणि २०२३ च्या घटनापीठाच्या निवाड्यातही हीच भूमिका आहे; कौटुंबिक न्यायालयाला तो अधिकार नाही. कलम १३ मधील मुख्य कारणे म्हणजे व्यभिचार, क्रूरता, किमान दोन वर्षांचा परित्याग, धर्मांतर, बरा न होणारा किंवा एकत्र राहणे अशक्य करणारा मानसिक आजार, संसर्गजन्य गुप्तरोग, संन्यास आणि सात वर्षे ठावठिकाणा नसणे. कुष्ठरोग हे कारण २०१९ मध्ये वगळण्यात आले. लग्नाला एक वर्ष पूर्ण होण्यापूर्वी अर्ज करता येत नाही. अर्जदाराच्या असाधारण हालअपेष्टा किंवा समोरच्याचे असाधारण दुर्वर्तन असेल तरच न्यायालय तशी परवानगी देऊ शकते.

अर्ज जेथे लग्न लागले, जेथे पतिपत्नी शेवटचे एकत्र नांदले किंवा जेथे समोरची व्यक्ती राहते, तेथील कौटुंबिक न्यायालयात करावा; जेथे कौटुंबिक न्यायालय नाही तेथे दिवाणी न्यायालयात करावा. २००३ पासून पत्नीला ती सध्या राहते त्या ठिकाणीही अर्ज करता येतो. लेकीला माहेरून खटला चालवता यावा, या दृष्टीने ही तरतूद फार मोलाची आहे.

खटल्याचे बहुतेक भवितव्य अर्जाच्या मसुद्यातच ठरते, कारण अर्जात न मांडलेल्या घटनेचा पुरावा नंतर देऊ म्हटले तर न्यायालय तो सहसा विचारात घेत नाही. ‘पती मला सतत त्रास देत असे’ या वाक्याला कायद्याच्या दृष्टीने फारसे वजन नाही. घटना कोणत्या तारखेला किंवा निदान कोणत्या महिन्यात घडली, कोणत्या घरात घडली, नेमके काय बोलले किंवा केले गेले, त्या वेळी कोण हजर होते आणि त्यानंतर आपण कोणाला सांगितले, हे प्रत्येक घटनेबाबत लिहावे. वकिलाकडे जाण्यापूर्वी लग्नापासून आजपर्यंतचा हा क्रम स्वतःच्या भाषेत लिहून काढावा आणि प्रत्येक घटनेसमोर तिचा कोणता कागद किंवा साक्षीदार आहे, ते नोंदवावे. ज्या घटनेसमोर काहीच लिहिता येत नाही ती वगळलीच पाहिजे असे नाही, पण सगळा अर्ज तिच्यावर उभा करू नये. अतिशयोक्ती तर कटाक्षाने टाळावी. पत्नीच्या चारित्र्यावर कैफियतीत, म्हणजे अर्जाला दिलेल्या लेखी उत्तरात, केलेले निराधार आरोप हीच मानसिक क्रूरता ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये महाराष्ट्रातील एका दांपत्याच्या प्रकरणात म्हटले आहे. त्यामुळे रागाच्या भरात लिहिलेले एक वाक्य समोरच्याच्या हाती घटस्फोटाचे कारण देऊ शकते.

सर्वाधिक अर्ज क्रूरतेच्या कारणावर होतात. ती किती सिद्ध करावी लागते, याचे उत्तर १९७५ च्या पुण्यातील दास्ताने निवाड्यात आहे. फौजदारी खटल्याप्रमाणे संशयातीत पुरावा येथे लागत नाही, तर घटना घडल्याची शक्यता न घडल्याच्या शक्यतेपेक्षा अधिक वाटली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात ठरवले. त्याच निवाड्याची दुसरी बाजू मात्र अनेकांच्या लक्षात राहत नाही. त्या प्रकरणात पत्नीची क्रूरता सिद्ध झाली, तरीही नंतर दोघे पतिपत्नी म्हणून नांदत राहिल्याने पतीने ती माफ केली, असे धरून त्याचे अपील फेटाळले गेले. कलम २३ खाली न्यायालय हे स्वतःहून तपासते. म्हणून एखाद्या गंभीर घटनेनंतर आपण मुलांसाठी, पैशांअभावी किंवा भीतीपोटी घरात राहिलो असू, तर ते कारण अर्जातच स्पष्ट लिहावे, तसेच समेटानंतर तोच त्रास पुन्हा सुरू झाला असेल तर तेही लिहावे, कारण माफ केलेला दोष नव्या वर्तनाने पुन्हा जिवंत होतो.

पुरावा म्हणून उपचारांची कागदपत्रे, पोलीस ठाण्यातील अदखलपात्र तक्रारीची प्रत, बँकेचे उतारे, पत्रे आणि संदेश उपयोगी पडतात. साक्षीदार नात्यातला आहे एवढ्यावरून त्याची साक्ष टाकून दिली जात नाही, कारण घरातल्या गोष्टी घरच्यांनाच ठाऊक असतात; तरीही शेजारी, घरमालक किंवा घरकाम करणाऱ्या बाई यांची साक्ष अधिक भक्कम ठरते.

मोबाईलवरील पुराव्याबाबत विशेष दक्षता हवी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार संदेशांची छापील प्रत किंवा ध्वनिमुद्रणाची नक्कल देताना दोन भागांचे प्रमाणपत्र जोडावे लागते. त्यातील एक भाग उपकरण सांभाळणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो. हे प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये जालन्याच्या निवडणूक वादात जुन्या कायद्याखालीच निक्षून सांगितले होते. मूळ फोन न्यायालयात हजर करून त्याच्या मालकाने साक्ष दिली तर प्रमाणपत्राची गरज राहत नाही, म्हणून खटला संपेपर्यंत जुना फोन विकू नये आणि त्यातील मजकूर पुसू नये. जोडीदाराच्या नकळत ध्वनिमुद्रित केलेले संभाषण वैवाहिक खटल्यात पुरावा म्हणून चालते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिला आहे.

परित्यागासाठी अर्जाच्या लगत आधीची सलग दोन वर्षे जोडीदार वाजवी कारणाशिवाय आणि कायमचे सोडून जाण्याच्या इराद्याने दूर राहिला, हे दाखवावे लागते. नोकरीसाठी किंवा बाळंतपणासाठी दूर राहणे म्हणजे परित्याग नव्हे. नांदायला बोलावल्याची पत्रे आणि नोटिसा, मध्यस्थ नातेवाईक यांवरून हा इरादा सिद्ध होतो. घराबाहेर काढलेल्या पत्नीवर मात्र परित्यागाचा ठपका येत नाही. कायद्याच्या नजरेत तिला बाहेर काढणाराच सोडून गेलेला असतो.

व्यभिचार आता गुन्हा नसला तरी घटस्फोटाचे कारण आहे. प्रत्यक्ष पुरावा क्वचितच मिळतो, म्हणून न्यायालय परिस्थितीजन्य पुरावा पाहते. संबंधित तिऱ्हाईत व्यक्तीला सहप्रतिवादी करावे लागते. केवळ व्यभिचार सिद्ध करण्यासाठी मुलाची डीएनए चाचणी सहजासहजी मिळत नाही, कारण मुलाचे हित त्याहून मोठे आहे, आणि हे योग्यच आहे.

अर्ज दाखल झाल्यावर समन्स निघते आणि कौटुंबिक न्यायालयातील विवाह समुपदेशकाकडे दोघांना पाठवले जाते. खटला चालू असताना कलम २४ खाली अंतरिम पोटगी आणि खटल्याचा खर्च मागता येतो. २०२० पासून त्यासाठी दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि देण्यांचे शपथपत्र द्यावे लागते. कैफियतीनंतर न्यायालय वादाचे मुद्दे काढते, अर्जदार सरतपासाचे शपथपत्र (स्वतःची साक्ष लेखी स्वरूपात) देतो आणि समोरच्याच्या वकिलाकडून उलटतपास होतो. उलटतपासात अर्जाशी न जुळणारे एखादे उत्तर इतर साक्षींवरही सावली टाकते, म्हणून आदल्या दिवशी अर्ज आणि शपथपत्र शांतपणे पुन्हा वाचावे, आणि आठवत नसेल ते ‘आठवत नाही’ असेच सांगावे. घरात मारहाण होत असेल तर या सगळ्याची वाट पाहू नये. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षणाचा अर्ज स्वतंत्रपणे आणि लगेच करता येतो. वकिलाचा खर्च झेपत नसलेल्या स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

हुकूमनामा मिळाल्यावर त्याची प्रमाणित प्रत घ्यावी. महाराष्ट्रात अपिलाची मुदत ९० दिवसांची आहे. ती संपेपर्यंत, किंवा अपील झाले असल्यास ते फेटाळले जाईपर्यंत, पुन्हा लग्न करता येत नाही.