लेपर्ड गेकोची मादी विणीसाठी तयार आहे हे कसे ठरवावे

लेपर्ड गेको या पाळीव पालीची मादी नऊ-दहा महिन्यांची झाली की तिच्या पोटात बीजांडे वाढू लागतात, आणि ती दिसताच नवखे पाळणारे तिच्यासाठी नर शोधायला निघतात. ही घाई मादीला फार महागात पडते. तलंग अंड्यावर आली की कोंबडी पाळणारा निश्चिंत होतो. गेकोच्या बाबतीत मात्र अंडी धरता येणे आणि त्या अंड्यांचा भार सोसण्याइतके शरीर भरलेले असणे या दोन गोष्टींमध्ये कित्येक महिन्यांचे अंतर असू शकते. नर कधीही जवळ न आलेली मादीसुद्धा बीजांडे धरते, प्रसंगी अफलित अंडी घालते, त्यामुळे केवळ बीजांडांवरून निर्णय घेऊ नये.

भार किती असतो, हे आधी समजून घ्यावे. एका अंड्याचे वजन सुमारे ३ ग्रॅम असते आणि मादी एका खेपेला बहुधा दोन अंडी घालते. एकदा नराशी संयोग झाला की ती शुक्राणू शरीरात साठवून ठेवू शकते आणि पुन्हा नर न दाखवताही दर तीन-चार आठवड्यांनी नवी खेप देत राहते. एका हंगामात सहा खेपा झाल्या तर ५० ग्रॅमच्या मादीने सुमारे ३६ ग्रॅमची अंडी घातलेली असतात, आणि त्यांच्या कवचासाठी लागणारे कॅल्शियम आहारातून पुरले नाही तर ते तिच्या हाडांतून जाते.

म्हणून वय किमान एक वर्ष आणि वजन किमान ५० ग्रॅम, या दोन्ही अटी एकाच वेळी पूर्ण झाल्याशिवाय पुढे जाऊ नये. अनेक जण ४५ ग्रॅम पुरेसे मानतात. मला ते अपुरे वाटते, आणि शक्य असेल तर मादी दीड वर्षाची होईपर्यंत थांबावे असेच मी सांगेन. वजन स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर, दर आठवड्याला त्याच वारी, खाणे देण्यापूर्वी करून वहीत नोंदवावे. एकदाच दिसलेल्या ५२ ग्रॅमपेक्षा दोन-तीन महिने न घसरलेले ५० ग्रॅम अधिक विश्वासार्ह आहे. गेको चरबी शेपटीत साठवतो, तेव्हा शेपूट मुळाशी जवळजवळ मानेइतकी जाड आणि गोलसर असावी. मात्र पोट लोंबणारी, सुस्त, अतिलठ्ठ मादीही योग्य नव्हे, कारण तिला अंडी अडकण्याचा धोका असतो.

हे जमल्यावरच पोट पाहावे. मादीला पारदर्शक प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवून डबा अलगद उचलावा आणि खालून, चांगल्या उजेडात, पोटाच्या मागच्या अर्ध्या भागाकडे बघावे. तिला उलटे करू नये किंवा पोट दाबून चाचपू नये. त्वचेखाली दोन्ही बाजूंना फिकट गुलाबी गोल दिसले तर ती वाढणारी बीजांडे समजावीत. या काळात तिचे खाणे काही दिवस कमी होते किंवा पूर्ण थांबते, आणि त्याला आजार समजून घाबरण्याचे कारण नाही, पण वजन मात्र टिकून राहिले पाहिजे. संयोग न झाल्यास ही बीजांडे बहुधा शरीरातच जिरतात. जोडी लावण्याचा काळ हाच, पण बाकीच्या अटी पूर्ण झालेल्या असतील तरच.

पाय वाकडे असणे, जबडा मऊ लागणे, चालताना थरथरणे ही हाडांच्या आजाराची लक्षणे आहेत. अशा मादीला विणीपासून दूरच ठेवावे. विष्ठेची तपासणी सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडून आधीच करून घ्यावी. रंगप्रकारही पाहावा, कारण ‘एनिग्मा’ प्रकारात तोल जाण्याचा चेताविकार आणि ‘लेमन फ्रॉस्ट’ प्रकारात गाठी आनुवंशिक असतात. हे प्रकार पुढे वाढवणे मला अयोग्य वाटते. महाराष्ट्रातल्या डोंगरांत याच कुळातल्या जंगली जाती राहतात, आणि त्यांना जोडीसाठी पकडून आणणे हा तर पर्यायच नाही.

नराला मादीच्या घरात सोडल्यावर तो शेपटीचे टोक जमिनीवर थरथरवतो आणि तिच्या मानेला हलके धरतो. तयार मादी शांत राहून शेपूट किंचित उचलते. ती पळत राहिली, चावू लागली किंवा ओरडली तर नराला लगेच बाहेर काढावे आणि आठवड्याने पुन्हा पाहावे. दोघांना कायमचे एकत्र ठेवू नये.

संयोगानंतर सुमारे तीन-चार आठवड्यांत पहिली खेप येते. त्याआधीच ओलसर मॉस किंवा कोकोपीट भरलेला झाकणाचा डबा घरात ठेवावा, खाद्यकिड्यांवर जीवनसत्त्व डी-३ युक्त कॅल्शियम भुरभुरावे आणि डी-३ नसलेल्या साध्या कॅल्शियमची वाटी कायम भरलेली असावी. प्रत्येक खेपेनंतर तिचे वजन करावे. पुढची खेप येण्याआधी ते पूर्वपदावर येत नसेल, किंवा शेपूट बारीक होत चालली असेल, तर नर पुन्हा दाखवू नये, खाणे वाढवावे आणि पुढचा हंगाम तिला पूर्ण विश्रांती द्यावी. दोन अंडी स्पष्ट दिसत असूनही ती दिवसचे दिवस उकरत राहिली, अंडी बाहेर आली नाहीत आणि ती मलूल पडली, तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे.