टप आणि तळ: कयाक व कॅम्पिंगसाठी सेकंड हँड गाडी घेण्याआधीची तयारी

गाडी बघायला निघताना माझ्या पिशवीत चार वस्तू असतात: मोजायची टेप, टॉर्च, फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक आणि एक जुनी चटई. टपावर कयाक, म्हणजे वल्ह्याची अरुंद होडी, न्यायची आणि रात्री धरणाकाठी मुक्काम करायचा, अशा कामासाठी जुनी गाडी शोधणारे बहुतेक जण आधी इंजिनाची चौकशी करतात. इंजिन मेस्त्रीकडून करून घेता येतं. टपाची ताकद आणि तळाचा पत्रा मात्र नंतर बदलता येत नाही. म्हणून आधी वर बघायचं, मग खाली, आणि त्यानंतर बॉनेट उघडायचं. दोन गाड्या घेऊन, त्यातली एक चुकीची घेऊन, मी या क्रमावर आलोय.

पण गाडीच्याही आधी कयाकचं वजन करा. घरातला वजनकाटा पुरतो: कयाक उचलून काट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं. एकट्याने चालवायची, वर बसायची प्लास्टिकची कयाक साधारण 3 मीटर लांब आणि 20 ते 28 किलोंची भरते. दोघांची घेतली तर 30 किलोंच्या वर जाते. आता गाडीच्या माहितीपुस्तिकेत टपावर किती भार चालतो ते शोधा. पुस्तिका गाडीत नसेल तर कंपनीच्या साइटवर बहुतेक वेळा मिळते. पुष्कळ गाड्यांना हा आकडा 50 ते 75 किलोंच्या दरम्यान असतो, आणि त्यात कयाक ज्यांवर ठेवतात त्या आडव्या दांड्यांचंही वजन धरलेलं असतं. म्हणजे 25 किलोंच्या दोन कयाक आणि 6 किलोंच्या दांड्या घेतल्या की 56 किलो झाले. 50 किलोंची मर्यादा असलेल्या गाडीवर ही जोडी जाऊ नये. एवढा हिशोब केला तरी यादीतल्या निम्म्या गाड्या गळतात आणि तुमचे चार रविवार वाचतात.

टपावर दिसणाऱ्या लांब रेल्सवर विश्वास ठेवू नका. अनेक गाड्यांवर त्या फक्त शोभेच्या असतात. माझ्या पहिल्या गाडीच्या तशाच होत्या आणि मी त्यांनाच दांड्या आवळल्या. ऐरोलीच्या पुलावर खाडीचं वारं आडवं आलं, डोक्यावर टक असा आवाज झाला आणि पट्ट्यांची घरघर एकदम थांबली. डावी रेल पुढच्या टोकाने उचलली गेली होती आणि कयाक तिरकी झाली होती. बायकोने खिडकीतून हात काढून पट्टा घट्ट धरला, मी पार्किंगचे दिवे लावून तीसच्या वेगाने पूल संपवला. खाली उतरून बघितलं तर ती रेल चार प्लास्टिकच्या खुंट्यांवर आणि चिकटपट्टीवर उभी होती. मागून येणाऱ्या दुचाकीवर ती कयाक पडली असती तर काय झालं असतं, या विचाराने मला आजही धस्स होतं. तेव्हा रेल हाताने गदागदा हलवून बघा आणि तिच्यावर भार चालतो असं पुस्तिकेत लिहिलेलं असेल तरच ती खरी माना. रेल नसलेल्या गाड्यांना दाराच्या चौकटीत पकडणाऱ्या क्लॅम्पच्या दांड्या मिळतात. बोलेरोसारख्या जुन्या घडणीच्या गाडीला टपाच्या कडेने पन्हळ असते, तिच्यात क्लॅम्प चांगला बसतो. आधीच्या मालकाने टपाला भोकं पाडून कॅरिअर बसवलं असेल तर आतलं कापड ओलसर आहे का, त्यावर पिवळे डाग आहेत का, ते बघा. कंपनीच्या मूळ रचनेत केलेला बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली येतो, त्यामुळे वेल्ड केलेल्या कॅरिअरपेक्षा उतरवून ठेवता येणाऱ्या दांड्या बऱ्या.

उंचीचा प्रश्न ठाण्या-नवी मुंबईत दोनदा येतो. एकदा सोसायटीत. घोडबंदर रोडच्या बऱ्याच टॉवरांत एकावर एक गाड्या ठेवायचं पार्किंग आहे. तिथे उंच एसयूव्ही मुळातच बसत नाही. आपल्या जागेची उंची टेपने मोजा, तुळई आणि पाण्याचे पाइप धरून. दुसऱ्यांदा उंची नडते ती कयाक चढवताना. डस्टर किंवा एर्टिगा जेमतेम 1.7 मीटर उंच आहेत, बोलेरो 1.9 मीटरच्या आसपास जाते. हा वीतभर फरक कागदावर काहीच वाटत नाही. तीन तास वल्हं मारून आल्यावर, ओल्या हातांनी 28 किलोंची होडी डोक्याच्या वर न्यायची असते, तेव्हा तो खांद्यात कळतो. घरात कयाक उचलणारी दोनच माणसं असतील तर माझा सल्ला स्पष्ट आहे: टप बुटकं असलेली गाडी घ्या.

गाड्यांबद्दल माझं मत असं. दोघं-तिघं जाणार असतील तर चांगल्या स्थितीतली डस्टर डिझेल या कामाला फार सोयीची आहे. टप आवाक्यात, तळ उंच, डिकी मोठी. मात्र तिच्या 1.5 लिटरच्या डिझेल इंजिनात टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा ठेका जुळवणारा पट्टा, असतो. तो कधी बदलला याचं बिल मागा. बिल नसेल तर बदललेला नाही असं धरून चला, कारण बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि इंजिन उघडावं लागतं. जुन्या इनोव्हाच्या 2.5 लिटर डिझेललाही हाच नियम. एर्टिगात मागच्या दोन्ही रांगा पाडल्या की झोपण्यासारखी जागा होते, पण सीएनजीवाली घेतली तर मागची जागा सिलिंडर खातो आणि चार माणसं, सामान, होडी घेऊन कसारा घाट चढताना जोर कमी पडतो. बोलेरोचा चॅसीवरचा सांगाडा आणि मागचे पाट्यांचे स्प्रिंग कच्च्या रस्त्याला भारी, फक्त ती उंच आहे आणि लांबच्या प्रवासात दणके देते. रोज कापूरबावडीच्या गर्दीत रांगायचं आणि महिन्यातून एकदाच बाहेर पडायचं असेल तर 2020 नंतरची, बीएस 6 या धुराच्या नियमांतली डिझेल टाळा. तिच्या सायलेन्सरच्या मार्गात काजळी धरणारा फिल्टर असतो, तो साफ व्हायला मोकळ्या रस्त्यावर गाडी पळावी लागते. अशांनी साधी पेट्रोल बघावी.

आता तळ. यासाठी गाडी जॅकवर नाही, गॅरेजच्या लिफ्टवर किंवा खड्ड्यावर न्या. विकणारा नाही म्हणाला तर तिथूनच नमस्कार करा. आपल्याकडे खाडीची खारी हवा आहे, त्यात कयाकवाल्याची गाडी समुद्राचं पाणी टिपकवत घरी येते, म्हणजे आधीच सुरू झालेला गंज आपण आणखी पोसणार. मागच्या वर्षी वाशी पासिंगची एक गाडी मी कळव्याच्या ओळखीच्या मेस्त्रीकडे घेऊन गेलो. वरून काचेसारखी चकचकीत होती. तळाला नवा काळा थर मारलेला. मेस्त्रींनी दाराखालच्या पट्टीवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत ठोकत मागे नेलं. टण, टण, टण, आणि मागच्या चाकाजवळ आवाज बसका झाला. त्यांनी टोक उलटं करून हलकं दाबलं, तर काळा थर फाटून टोक बोटभर आत गेलं आणि तपकिरी भुगा त्यांच्या मनगटावर पडला. “साहेब, डांबराखाली काही उरलेलं नाही,” एवढंच ते म्हणाले. तळाला ताजा काळा रंग दिसला की आनंद मानू नका, तिथेच जास्त ठोका. चाकांच्या कमानीच्या आतल्या कडा, दारांची खालची शिवण, ब्रेकचे धातूचे पाइप, सस्पेन्शन जिथे बॉडीला जोडलंय ती जागा, स्टेपनीचा खड्डा, हे सगळं टॉर्च लावून बघा. वरवरचा लाल पापुद्रा चालतो. पत्रा थरांमध्ये सुटत असेल तर ती गाडी सोडा, कितीही स्वस्त असली तरी.

पाण्यात बुडालेली गाडी हा आपल्या भागातला वेगळा धोका आहे. 26 जुलै 2005 सगळ्यांना आठवतो, पण दर पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या तळघरात पाणी शिरतंच. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या फूटभर पट्ट्यावर मातीची रेघ दिसते. पुढच्या सीटखालचा गालिचा उचलून हात घाला. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेत का बघा. गाडीत अत्तराचा उग्र वास मारत असेल तर एसी बंद करून, काचा लावून दहा मिनिटं आत बसा, कुबट वास वर येतोच. जमलं तर गाडी पाऊस पडत असतानाच बघायला जा. दारांचे रबर, टपाची गळती, वायपर, सगळं एका फेरीत कळतं.

लोहचुंबक पत्र्यावर फिरवा, जिथे पकड ढिली पडते तिथे खाली पुटी, म्हणजे खड्डा बुजवायची लांबी, आहे. मडगार्डच्या बोल्टांवरचा रंग उडालेला असेल तर तो खोलला गेलाय. छोटा ठोका सगळ्या गाड्यांना बसतो, दारांमधले खांब आणि टपाची कड मूळची असली पाहिजे, कारण आपला भार त्यांच्यावर आहे.

इंजिनाचं थोडक्यात सांगतो. मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका असं आधी सांगा आणि गेल्यावर बॉनेटला हात लावा, गरम असेल तर कारण विचारा. थंड गाडी सुरू होताना निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण सैल करून बघा, फसफस वारा येत असेल तर मेस्त्रीला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. चढावर क्लच कळतो: ठाण्यात असाल तर पहाटे गायमुखचा घाट, नवी मुंबईत बेलापूरची पारसिक टेकडी. गाडीत चार माणसं बसवून जा. आवाज वाढतो आणि वेग वाढत नाही, म्हणजे क्लचप्लेट गेली. टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचा: 3221 म्हणजे 2021 सालचा 32वा आठवडा. टायर पाच वर्षांवर गेला असेल तर त्याची नक्षी कितीही उरलेली असो, किंमत कमी करून मागा.

मग चटई काढा. सीट पाडा, चटई अंथरा आणि खरंच आडवे व्हा. लाजू नका. पुढची सीट पुढे सरकवून डोकं कुठे येतं, पाय सरळ होतात का, सीटच्या सांध्याचा उंचवटा पाठीत कुठे रुततो, हे पाच मिनिटं पडून राहिल्याशिवाय समजत नाही. मी 5 फूट 9 इंच आहे. टेपने जागा पुरेशी भरली आणि तरी तिरकं झोपावं लागलं, असं माझ्या बाबतीत दोनदा झालंय. भंडारदऱ्याला डिसेंबरच्या रात्री काचांना आतून दव धरतं, तेव्हा मागच्या काचा थोड्या उघडता येतात का तेही बघा. ओली जॅकेटं आणि वल्ही ठेवायला डिकीत प्लास्टिकचा ट्रे बसेल एवढी सपाट जागा हवी.

कागदपत्रांत आरसीवरचा चॅसी नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून बघा. परिवहनच्या ॲपवर कर्जाचा बोजा दिसत असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नाव बदलायला फॉर्म 29 आणि 30 लागतात. थकलेले ई-चलान विकणाऱ्यानेच भरावेत. एर्टिगा आणि इनोव्हा आधी पिवळ्या पाटीवर धावून नंतर पांढऱ्या केलेल्या सापडतात, आरसीचा इतिहास बघा आणि किलोमीटरच्या आकड्यापेक्षा पेडलचं रबर आणि स्टिअरिंगची झिजलेली कड जास्त खरी माना. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. 2012ची गाडी आज घेतली तर 2027 साली फिटनेस तपासणी करून पुन्हा नोंदणी करावी लागणार, पर्यावरण कर भरावा लागणार. दिल्लीकडच्या गाड्या स्वस्त मिळतात, कारण तिथे 10 वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले. कोरड्या हवेमुळे त्यांचा तळही बरा असतो. पण दुसऱ्या राज्याची एनओसी, इथला रस्ता कर, हा खर्च आणि हेलपाटे किमतीत धरा. एप्रिल 2019च्या आधीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरप्लेट लावलेली आहे ना, तेही बघा. विमा 14 दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायला अर्ज करा. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दल मिळणारी सूट, मात्र गाडीसोबत येत नाही, तो त्याचाच राहतो.

हे सगळं जमलं तरी टोकन देण्याआधी कयाक त्या गाडीवर चढवून बघायची. मी कोपरखैरण्याला तसंच केलं. मित्राच्या टेम्पोतून कयाक नेली, क्लॅम्पच्या दांड्या सोबत होत्या. विकणारे काका निवृत्त शिक्षक होते, त्यांना आधी नवल वाटलं, मग त्यांनीच मागचं टोक धरलं. दोन दांड्यांमध्ये 80 सेंटिमीटर अंतर मिळालं. होडी उलटी ठेवली, साध्या बकलचे दोन पट्टे टाकले. रॅचेटचे, म्हणजे खटक्याने आवळायचे पट्टे मी वापरत नाही, ते जास्त आवळले जातात आणि उन्हात प्लास्टिक दबतं. पट्ट्याला एक पीळ दिला की वाऱ्यात घरघर कमी होते. मग पुढच्या टोकाची दोरी बॉनेटवरून खाली बंपरच्या हुकात अडकवली, मागची डिकीखालच्या हुकात. डिकी उघडून बघितली, काच होडीला चार बोटं राखून वर गेली. बाजूने बघितलं तर होडी मागच्या बंपरच्या आत होती.

काकांनी टपावर हात ठेवून होडी दोनदा हलवली. गाडी हलली, होडी हलली नाही. मी पाकीट काढलं.