दीड महिन्याचा डोस, बाळाचं पोट आणि लाल रेघेची बाटली

सोलापुरात अशोक चौकाजवळ माझं मेडिकल आहे, २६ वर्षं झाली. आजूबाजूला टॉवेलचे कारखाने, मागच्या गल्लीत घरोघरी विडीची सुपं. गिऱ्हाईक मला अण्णा म्हणतं. मी डॉक्टर नव्हे, फार्मासिस्ट. पण बाळाचं पोट बिघडलं की आधी माझं काउंटर आणि मग दवाखाना, हा आमच्या भागातला रिवाज. तेच तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदाचं लिहून काढतोय.

सुरुवात डोसपासून. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना सरकारी दवाखान्यात बाळाला मांडीत सुई देतात, तेव्हाच रोटाव्हायरसची लस तोंडातून पाजतात. महाराष्ट्रात ती २०१९ पासून फुकट मिळते. बऱ्याच आयांना ती पोलिओचेच थेंब वाटते. तसं नाही. रोटा म्हणजे तान्ह्या बाळांना पाण्यासारखे जुलाब लावणारा विषाणू, आणि ही लस जिवंत पण दुबळ्या विषाणूची असते. एका देशी लसीतला विषाणू तर १९८०च्या दशकात दिल्लीच्या एम्समध्ये नवजात बाळांतच सापडला; त्यांना तो होता, पण जुलाब नव्हते. हा दुबळा विषाणू आतड्यात थोडा वाढतो आणि त्या वाढण्यातून शरीर शिकतं. म्हणजे शाळा भरते ती आतड्यात, आणि तिथं आधीच कोट्यवधी जंतू मांडी घालून बसलेले असतात.

गंमत पुढे आहे. त्या देशी लसीची दिल्ली, पुणे आणि वेल्लोरमधल्या सुमारे ६,८०० बाळांवर चाचणी झाली. पहिल्या वर्षात रोटाचे गंभीर जुलाब ५६ टक्क्यांनी कमी झाले. अशाच दुसऱ्या लसी युरोपात नव्वदीच्या आसपास जातात. लस वाईट म्हणून असं होत नाही. आपल्याकडच्या आईच्या अंगात रोटाविरुद्धची प्रतिपिंडं (अँटिबॉडी) आधीच भरपूर असतात, ती बाळात उतरतात आणि लसीच्या विषाणूला वाढू देत नाहीत. दुसरं कारण पोटातले जंतू. २०२१ साली वेल्लोर, आफ्रिकेतलं मलावी आणि इंग्लंडमधलं लिव्हरपूल इथल्या बाळांची तुलना छापून आली. पहिल्या महिन्यात ज्यांच्या पोटात जंतूंच्या जाती जास्त होत्या, त्यांच्यात भारतात आणि मलावीत लस कमी लागू पडली. वाचून मी चक्रावलो, कारण मोठ्या माणसाच्या पोटात जितक्या जाती तितकं चांगलं, असं आपण ऐकत आलोय. अंगावर पिणाऱ्या बाळाचं वेगळं असतं. आईच्या दुधात काही साखरा अशा असतात की त्या बाळाला पचतच नाहीत. त्या बायफिडो नावाच्या जंतूंसाठीच असतात. तान्ह्या पोटात हेच पीक जोरात हवं. मालदांडी ज्वारीच्या रानात पेरल्या पेरल्या तण माजलं तर शेतकरी काय म्हणतो, ते मंगळवेढ्याच्या माणसाला सांगायला नको.

५६ टक्के ऐकून डोस टाळू नका. रोटाच्या गंभीर जुलाबांनी जी शंभर बाळं आडवी झाली असती, त्यांतली छप्पन्न वाचतात असं बघा.

आता डोसच्या दिवशी काय करायचं. कार्ड बरोबर घ्या. साधी सर्दी किंवा किंचित अंग कोमट असेल तरी जा. नेहमी तारीख हुकते ती अशा कारणांनीच. जोराचे जुलाब किंवा खूप ताप असेल तर सिस्टरला आधी सांगा. एक अव्वा सुनेला दटावत होती, "थेंबानंतर अर्धा तास पाजू नको, औषध धुऊन जाईल." हे दिल्लीत आणि दक्षिण आफ्रिकेत तपासून झालंय. दूध थांबवून काही फायदा झाला नाही. बाळ मागेल तेव्हा पाजा. गावाला गेल्यामुळे राहिलाच असेल तर रोटाचा पहिला डोस वर्षाच्या आत घेता येतो. आणि डोसनंतरच्या दिवसांत बाळ कळवळून रडतंय, सारखं उलटतंय, शी रक्ताची होतेय, असं दिसलं तर माझ्याकडे नका येऊ, सरळ सिव्हिल गाठा. क्वचित आतडं आतड्यात अडकतं, आणि ते घरी सुटत नाही.

सहा महिने फक्त अंगावरचं दूध. बाळगुटीवर माझा राग नाही, राग सहाणेवर आहे. आमच्याकडे नळ चार-चार दिवसांनी येतो. त्या साठवलेल्या पाण्यात बोट बुडवून सहाणेवर चार वळसे द्यायचे आणि तेच बोट बाळाच्या तोंडात. असे नको ते जंतू आपणच पोटात सोडतो.

आता लाल रेघेची बाटली. अँटिबायोटिकच्या पाकिटावर ती उभी लाल रेघ असते. सर्दी-खोकला बहुतेक वेळा विषाणूचा, रोटाचे जुलाबही विषाणूचेच, आणि अँटिबायोटिकने विषाणू मरत नाही. मरतात ते पोटातले जंतू, आणि त्यात बायफिडो आधी. २०२५ साली ऑस्ट्रेलियातला अभ्यास आला. जन्मानंतर लगेच ज्या बाळांना अँटिबायोटिक द्यावं लागलं, त्यांच्यात सात महिन्यांचं झाल्यावर न्यूमोनियाच्या लसीची प्रतिपिंडं कमी भरली. बायफिडोही कमी होते. बाळंतपणात फक्त आईला औषध दिलं होतं तिथं असा फरक नव्हता. उंदरांना तेच जंतू परत पाजल्यावर लस पुन्हा नीट लागू पडली. ती लस तर सुईची, तोंडाची नव्हेच. म्हणजे पोटातले जंतू मांडीतल्या सुईलाही शिकवतात. (आजोबांसाठीही एक गोष्ट: २०१९ साली अमेरिकेत धडधाकट माणसांना अँटिबायोटिक देऊन फ्लूची लस टोचली, ज्यांच्या अंगात आधीची ताकद कमी होती, त्यांच्यात लस फिकी पडली.)

याचा अर्थ डॉक्टरांनी दिलेलं औषध नाल्यात ओतायचं असा नाही. नवजात बाळाला रक्तात जंतुसंसर्ग झाला असेल तर त्याच बाटलीने जीव वाचतो. तुम्ही एवढंच विचारा: "डॉक्टर, हे जंतूचं आहे की व्हायरलचं? दोन दिवस वाट पाहिली तर चालेल का?" चांगला डॉक्टर रागावत नाही. दिलंच तर नीट बनवा: कोरड्या पावडरची बाटली आधी ठोकून मोकळी करायची, उकळून गार केलेलं पाणी रेघेपर्यंत, हलवायचं, फेस बसला की पुन्हा रेघेपर्यंत. यातली बरीचशी सात दिवसांनी फेकायची असतात. तारीख बाटलीवर लिहा. उरलेली धाकट्याला देऊ नका, जावेच्या पोराला तर नाहीच.

हे सांगताना मला शरम वाटते. १९ वर्षांपूर्वी माझा मुलगा वर्षाच्या आत होता आणि दुकान माझंच. नाक वाहिलं की मी स्वतः शेल्फवरून बाटली काढायचो, वर्षात चारदा. बायको म्हणायची, "डॉक्टरला विचारा तरी." मी म्हणायचो, "मी कशाला शिकलोय मग?" पोराचं पोट तीन वर्षं ताळ्यावर नव्हतं. त्याचं कारण तेच, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. पण आता कुणी चिठ्ठीशिवाय मागितलं की मला ते शेल्फ आठवतं, आणि मी देत नाही. गिऱ्हाईक चिडून पुढच्या दुकानात जातं. जाऊ दे.

"मग डोसच्या आधी ते चांगल्या जंतूंचं सॅशे देऊ का?" हे हल्ली रोज एक जण विचारतं. वेल्लोरला बाळांना असे जंतू आणि झिंक देऊन पाहिलं. रोटाच्या लसीला फारसा जोर आला नाही, पोलिओच्या थेंबांना काहीच नाही. उलट बाजूनेही पाहिलं: आधी अँटिबायोटिकने पोट साफ करून पोलिओचे थेंब दिले, तरी फरक शून्य. तेव्हा लसीसाठी म्हणून सॅशे घेऊ नका. धंदा माझाच बुडतो, पण ते पैसे सहाव्या महिन्यानंतरच्या वरणभाताला आणि ज्वारीच्या पेजेला लावा.

जुलाब लागलेच तर ओआरएस. इथं सगळ्यात जास्त चुकतं. परवा कारखान्यातून सुटून एक पोरगी आली, ओढणीला अजून टॉवेलचा कापूस चिकटलेला. म्हणाली, "अण्णा, पुडी दिली, तरी उलटी काढतंय." कशी दिलीस? तर आख्खी पुडी एका पेल्यात. ते पाणी नव्हे, खारट पाक झाला. त्याने जुलाब वाढतात. दुसरी बाई चिमूट चिमूट घालते, ते साधं पाणीच राहतं. मोठ्या पुडीवर २०.५ ग्रॅम लिहिलेलं असतं. ती एकदाच पूर्ण, एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात. छोटी पुडी २०० मिलीसाठी. चमच्याने पाजायचं, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. २४ तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. अंगावरचं दूध चालूच. सोबत झिंक १४ दिवस: सहा महिन्यांखाली १० मिलिग्रॅम, वर २०. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी चौदा म्हणजे चौदा. रंगीत डब्यातलं गोड पेय आणू नका. २०२५च्या ऑक्टोबरात सरकारने तसल्या पेयांवर ओआरएस हा शब्द छापायलाच बंदी घातली. बाळाचे डोळे आत गेले, लघवी सहा तास नाही, पोट चिमटीत धरल्यावर कातडी तशीच उभी राहिली, तर रिक्षा बोलवा.

लिटर मोजायला घरात काही नसतं, हे मला माहीत आहे. म्हणून पाण्याच्या रिकाम्या, धुतलेल्या एक लिटरच्या बाटल्या मी काउंटरखाली ठेवतो. पुडी घेताना मागून घ्या. पैसे नाहीत त्याचे.