दूरच्या रानात एल्कच्या शिकारीला जाताना सोलणी-कापणीचा हलका संच कसा भरावा

भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार वन्य प्राण्यांच्या शिकारीला बंदी आहे, त्यामुळे या लेखातील एकही सूचना महाराष्ट्रातल्या रानासाठी नाही. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात मात्र परवाना घेऊन केलेली शिकार कायदेशीर आहे. तेथे स्थायिक झालेल्या ज्या मराठी वाचकांना सहकाऱ्यांबरोबर रॉकी पर्वतात एल्कच्या शिकारीला जायचे आहे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. एल्क हे आपल्या काश्मीरच्या हंगुलाच्याच प्रजातिगटातले हरिण आहे, पण त्याचा आकार फार मोठा असतो. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन 300 किलोच्या वर जाते आणि हाडे काढल्यावरही साधारण 80 ते 100 किलो मांस हाती येते. मोटारीच्या रस्त्यापासून पाच किलोमीटर आत, 3,000 मीटर उंचीवर, बहुधा अंधार पडता पडता हे सगळे काम उरकावे लागते. हा संच त्या प्रसंगासाठीच भरायचा असतो.

आधी पद्धत ठरवावी, मग सामान

बहुतेक जण उलट क्रमाने जातात. ते दुकानात जाऊन सुरी, करवत, कुऱ्हाड असे सगळे गोळा करतात आणि नंतर वजन कमी करण्यासाठी काय काढावे याचा विचार करत बसतात. खरे तर संचाचे वजन तुम्ही जनावर कोणत्या रीतीने सोडवणार, म्हणजे त्याचे मांस सांगाड्यापासून वेगळे करणार, यावर ठरते. पोट फाडून आतडी बाहेर काढण्याची जुनी रीत, जनावर अख्खे ओढत रस्त्यावर आणता येत असेल तेव्हा सोयीची आहे. दूरच्या रानात एल्क जागेवरच सोडवावा लागतो. त्यासाठी पोट न उघडता मांस काढण्याची रीत वापरावी, कारण तिच्यात हाड कापण्याची वेळच येत नाही आणि अर्धे अवजड सामान आपोआप घरी राहते.

ही रीत थोडक्यात अशी आहे. जनावर एका कुशीवर ठेवून पाठीच्या कण्यावरून मानेपासून शेपटीपर्यंत कातड्याला चीर द्यावी आणि कातडे पोटाच्या दिशेने सोलत न्यावे. पुढचा पाय वर उचलून धरला की खांदा आणि बरगड्या यांच्यामधली पांढरट पातळ पापुद्र्याची रेघ दिसते. तेथे सांध्याचे हाड नसते, खांदा नुसत्या स्नायूंनी धरलेला असतो, म्हणून सुरीचे टोक त्या रेघेवरून फिरवत नेले की अख्खा फरा सुटून हातात येतो. मागच्या फऱ्याला खुब्याचा गोळा खोबणीत बसलेला असतो, तो शोधून त्याभोवतीचा स्नायुबंध कापावा. मग कण्यालगतचा पाठीचा लांब पट्टा, मानेचे व बरगड्यांवरचे मांस काढावे, आणि शेवटच्या बरगडीमागून हात घालून कण्याच्या आतल्या बाजूचा मऊ पट्टा सोडवावा. त्यानंतर जनावर उलटवून दुसऱ्या कुशीवर हेच करावे. या कामाला सुरी, दोरी आणि पिशव्या लागतात, बाकीचे सगळे दुय्यम आहे.

सुऱ्या

पाती बदलता येणारी घडीची सुरी हलकी असते, पात्यांसह तिचे वजन शंभर ग्रॅमच्या आसपास राहते, आणि तिचे पाते शस्त्रक्रियेच्या सुरीइतके धारदार असते. एल्कच्या कातड्यावरचे राठ केस व चिखल कोणत्याही पात्याची धार लवकर घालवतात, म्हणून एका जनावरासाठी चार ते सहा जादा पाती सोबत घ्यावीत. मात्र हे पाते पातळ असल्याने ते सांध्यात घालून पिळले तर तुटते, आणि तुटलेला तुकडा मांसात राहिला तर तो शोधण्याची वेळ स्वयंपाकघरात येते. खुब्याच्या सांध्यासाठी म्हणूनच नऊ-दहा सेंटिमीटर पात्याची एक साधी, न मिटणारी सुरी वेगळी ठेवावी. दोन सुऱ्या म्हणजे चैन वाटते खरी, पण पहिली सुरी अंधारात गवतात हरवली तर दुसरी नसल्यास काम तिथेच थांबते.

पाते बदलताना होणाऱ्या जखमा हा या प्रकारच्या सुरीचा खरा दोष आहे. हात रक्ताने व चरबीने निसरडे झालेले असतात आणि पाते खटक्यातून सुटताना एकदम उसळते. म्हणून ते कधीही बोटांनी काढू नये. छोटी चिमटा-पक्कड सोबत ठेवावी, पात्याची मागची कड तिच्यात पकडून वर उचलावी आणि पाते स्वतःपासून दूर सरकवावे. वापरलेली पाती टाकण्यासाठी झाकणाची छोटी प्लास्टिकची डबी घ्यावी. औषधाच्या गोळ्यांची रिकामी बाटलीही चालते. साध्या सुरीसाठी बोटभर लांबीची सिरॅमिकची धार-कांडी पुरेशी आहे, दगड नेऊ नये.

मांसाच्या पिशव्या

वजन वाचवण्याच्या नादात बहुतेकांचा हात पिशव्यांवर पडतो, आणि माझ्या मते ते सर्वांत चुकीचे ठिकाण आहे. मांस खराब होते ते मुख्यतः आतल्या उष्णतेने. सप्टेंबरमध्ये धनुष्यबाणाचा हंगाम असतो तेव्हा दुपारचे तापमान 20 अंशांच्या वर सहज जाते, तर जिवाणूंची वाढ मंदावण्यासाठी मांस 4 अंशांच्या खाली यावे लागते. मागच्या फऱ्यात खुब्याच्या हाडालगत उष्णता सर्वांत जास्त वेळ कोंडून राहते आणि नासायला सुरुवातही तेथूनच होते. साध्या प्लास्टिकच्या पिशवीत गरम मांस भरणे म्हणजे ते स्वतःच्या हाताने नासवणे होय, कारण तिच्यातून वाफ बाहेर पडत नाही.

विणलेल्या, हवा खेळणाऱ्या पण माशी आत न जाऊ देणाऱ्या कृत्रिम धाग्याच्या पाच पिशव्या घ्याव्यात. चार फऱ्यांसाठी चार, आणि पाठीचे पट्टे, मान व सुटे मांस यांसाठी पाचवी. पाचांचे मिळून वजन अर्धा किलोच्या थोडे वर भरते. सुती पिशव्या स्वस्त असतात, पण त्या रक्त शोषून जड होतात आणि वाळायला वेळ घेतात. मागचा फरा हाडासह 25 किलोहूनही अधिक भरू शकतो, म्हणून पिशवी ऐसपैस असावी आणि तिची शिवण दुहेरी असावी. पिशवीच्या तोंडाला परावर्तक नाडी असेल तर परत येताना विजेरीच्या उजेडात झाडीतही ती चटकन सापडते.

दोरी, चादर, हातमोजे, दिवा

तीन ते चार मिलिमीटर जाडीची पंधरा मीटर दोरी घ्यावी. तिचा पहिला उपयोग मांस टांगण्यासाठी नसून जनावर स्थिर करण्यासाठी आहे. उतारावर पडलेला एल्क सोलताना घरंगळतो, आणि एकट्याने काम करताना वरचा मागचा पाय कोणीतरी धरून ठेवावा लागतो. तो पाय झाडाला ताणून बांधला की दोन्ही हात मोकळे होतात. कप्पी नेऊ नये. तीनशे किलोचे जनावर वर ओढायचेच नसेल तर ती कशाला?

घरबांधणीत भिंतीवर लावतात त्या पांढऱ्या, कागदासारख्या पण न फाटणाऱ्या टायव्हेकचा दीड मीटर चौरस तुकडा जमिनीवर अंथरायला उत्तम असतो. त्यावर सोडवलेला फरा ठेवला की पाइनच्या सुया, माती आणि केस मांसाला चिकटत नाहीत. नायट्राइलच्या हातमोज्यांच्या तीन जोड्या घ्याव्यात, कारण हाड-सुरीत त्या फाटतातच. कपाळावर बांधायचा दिवा आणि त्याच्या जादा बॅटऱ्या संचातच असाव्यात. तंबूत ठेवलेला दिवा हिशेबात धरू नये.

करवत घरी का ठेवावी

शिंगे कवटीच्या तुकड्यासह न्यायची असली तरच करवत लागते. नाहीतर तिचे वजन वाया जाते, आणि आणखी एक कारण त्याहून महत्त्वाचे आहे. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांचा मेंदू पोखरणारा रोग प्रथम 1967 मध्ये कोलोरॅडोतील फोर्ट कॉलिन्स येथील संशोधन केंद्रात बंदिस्त हरणांमध्ये दिसला आणि आता तो राज्यातील रानटी कळपांतही आहे. तो प्रिऑन नावाच्या विकृत प्रथिनामुळे होतो आणि हे प्रथिन शिजवल्याने नष्ट होत नाही. माणसाला तो झाल्याचे सिद्ध झालेले नसले तरी बाधित जनावराचे मांस खाऊ नये असाच सल्ला आरोग्ययंत्रणा देतात. मेंदू, मणक्यातला मज्जारज्जू आणि लसिका ग्रंथी यांत प्रिऑन साचतात, म्हणून तेथे पाते नेऊच नये. शिकारीच्या काही विभागांत डोके तपासणीसाठी जमा करणे त्या त्या वर्षी सक्तीचे असते. आपला विभाग त्यांत असेल तर एक सहावी पिशवी लागेल.

कागदपत्रे आणि कायदा

हा भाग नीरस आहे, पण दंड यातच होतो. 1 जानेवारी 1949 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला परवान्यासाठी शिकार-सुरक्षेचा अभ्यासक्रम पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र लागते. परवान्याचा टॅग (मारलेल्या जनावराला बांधायची चिठ्ठी), एक पेन आणि टॅग बांधायला दोन प्लास्टिकचे पट्टे एका छोट्या झिपलॉक पिशवीत ठेवावेत. कोलोरॅडोत जनावराच्या लिंगाचा पुरावा मांसाला नैसर्गिकरीत्या जोडलेला ठेवावा लागतो. त्यामुळे मागच्या एका फऱ्यावर तो अवयव राखून मगच कातडे सोलावे, घाईत तो कापून टाकला तर परत जोडता येत नाही. चारही फरे, पाठीचे पट्टे आणि आतले मऊ पट्टे रानात सोडून येणे हा गुन्हा आहे. दरवर्षीच्या नियमपुस्तिकेत तपशील बदलतात, तेव्हा कोलोरॅडो पार्क्स अँड वाइल्डलाइफ या खात्याची त्या वर्षीची पुस्तिका वाचूनच निघावे.

जखमेसाठी

सुरी सरकली की ती बहुधा डाव्या हातावर किंवा मांडीवर बसते. साध्या पट्ट्यांनी भागत नाही. रक्त थांबवणारे औषधी गॉझ, दाबपट्टी आणि रक्तस्राव रोखण्याचा आवळपट्टा एवढे तरी असावे, आणि आवळपट्टा एका हाताने कसा लावायचा याचा सराव घरी झालेला असावा.

भरण्याचा क्रम

सगळे सामान एका भडक रंगाच्या, पाणी आत न शिरणाऱ्या पिशवीत भरावे. जे सर्वांत शेवटी लागते ते तळाशी, म्हणजे मांसाच्या पिशव्या. त्यांवर घडी केलेली चादर, मग दोरी, सुऱ्या, पाती, पक्कड, आणि सर्वांत वर दिवा, हातमोजे व टॅग. जखमेचे सामान मात्र या पिशवीत न ठेवता पाठपिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात असावे. जखमेचे सामान सोडून हा सगळा संच साधारण सव्वा ते दीड किलोत बसतो. त्याहून जास्त भरला तर कुऱ्हाड, आतड्यांसाठी आकडा असलेली सुरी किंवा तिसरी सुरी कुठेतरी लपलेली आहे असे समजावे.

आठवड्याभराच्या सामानातून पन्नास ग्रॅम कमी करण्यासाठी रात्र जागवणारे लोक मांसाचा हिशेब मात्र करत नाहीत. खेपेला 25 किलो धरले तर 100 किलो मांसाच्या चार खेपा होतात, आणि पाच किलोमीटर अंतरावर त्या जाऊन-येऊन पस्तीस किलोमीटरची चाल होते. म्हणून पाठपिशवीची चौकट हे ओझे पेलणारी हवी आणि ही चाल आपल्याला किती वेळात झेपेल याचा विचार बंदूक उचलण्याआधी व्हायला हवा. पहिली खेप नेताना उरलेले मांस सावलीत, उत्तरेकडच्या उतारावर, फांद्यांच्या आडव्या मांडणीवर किंवा झाडाला टांगून ठेवावे. सांगाड्यापासून ते निदान शंभर मीटर दूर आणि लांबून दिसेल असे असावे, म्हणजे अस्वल येऊन बसले असेल तर ते जवळ जाण्याआधी कळते. वायोमिंग व मोंटाना या राज्यांत ग्रिझली जातीची अस्वले असतात, तेथे अस्वलरोधक फवारा पिशवीत न ठेवता कमरेला असावा.

सराव

निघण्यापूर्वी खाटकाकडून बकऱ्याची अख्खी मांडी न तोडता आणावी. त्याच दोन सुऱ्यांनी, तेच हातमोजे घालून, स्वयंपाकघरातला दिवा बंद करून कपाळावरच्या दिव्याच्या उजेडात ती हाडापासून सोडवावी. स्नायूंच्या रेघा कशा दिसतात, सांध्याची खोबण बोटाला कशी लागते आणि पाते बदलायला किती वेळ जातो, हे एका मांडीत कळते, आणि रविवारच्या रश्श्याची सोयही होते. ज्या वस्तूला या सरावात हात लागला नाही, ती संचातून काढून टाकावी. जादा पाती, दुसरी सुरी, जादा बॅटऱ्या आणि जखमेचे सामान यांना हा नियम लागू नाही. परत आल्यावर पिशव्या थंड पाण्यात भिजवून मगच धुवाव्यात, कारण गरम पाण्याने रक्ताचे डाग पक्के बसतात, आणि वापरलेल्या पात्यांच्या जागी त्याच दिवशी नवी पाती भरून ठेवावीत.