नागपुरात चार-पाच चर्चनी मिळून शहरासाठी काम करायचं असेल तर

एकी म्हणजे काय हे खरं तर नागपूरच्या ख्रिस्ती लोकांना वेगळं सांगायची गरज नाही. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) २९ नोव्हेंबर १९७० ला इथंच, आपल्या शहरात, बनलं. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, बॅप्टिस्ट, ब्रदरन असे सहा वेगवेगळे प्रवाह त्यात आले. नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेसचं मुख्य ऑफिस पण सिव्हिल लाइन्समध्येच आहे. पण आपल्या मंडळ्यांचं काय होते, डिसेंबरमध्ये जॉइंट कॅरल होते, १८ ते २५ जानेवारीला ऐक्याचा प्रार्थना सप्ताह होते, सगळे पास्टर आणि फादर एका स्टेजवर उभे राहतात, फोटो निघते, आणि मग वर्षभर कोणी कोणाला फोन करत नाही. आमचंही बरीच वर्षं असंच चाललं होतं. आता काही वर्षांपासून आम्ही पाच मंडळ्या, म्हणजे पाच चर्चचे लोक, मिळून पेशंटसाठी रक्तदानाचं एक काम करून राहिलो, त्यात जे शिकलो ते सगळं इथं लिहितो, कोणाला सुरू करायचं असेल तर आमच्या चुका तरी टळतील.

पहिलं म्हणजे मीटिंग घेऊ नका. मीटिंग घेतली की कमिटी होते, कमिटी झाली की अध्यक्ष कोण आणि बॅनरवर कोणाचं नाव वर यातच दोन महिने जातात. त्याऐवजी प्रत्येक मंडळीतून एक-एक माणूस घ्या, पाळक नाही, साधा सभासद, आणि पाच जण मिळून तीन-चार संध्याकाळी शहरात फिरा. आम्ही मेडिकल आणि मेयो या दोन मोठ्या सरकारी दवाखान्यांच्या परिसरात गेलो होतो. तिथं गडचिरोली, चंद्रपूर, बालाघाट, छिंदवाडा कुठून कुठून पेशंट येतात आणि त्यांचे नातेवाईक बाहेर चादर टाकून राहतात. आम्ही डोक्यात ठरवूनच गेलो होतो की जेवण वाटायचं. एका मावशीला विचारलं तर ती म्हणाली जेवण तर कोणी ना कोणी देऊन जाते बाबू, मले हा कागद वाचून सांग आन रक्त कुठं भेटते ते सांग. पोराला रक्त चढवायचं होतं आणि बदल्यात रक्त द्यायला सोबत कोणीच नव्हतं. तिथं आमचं काम ठरलं. म्हणून म्हणतो, आधी विचारा, मग ठरवा.

मग पाळकांकडे जा, पण एकेकाकडे वेगळं जा आणि घरी जा. सोबत एकच कागद न्या, काय करायचं, किती लोक लागतील, किती दिवस. इथं एक गोष्ट लक्षात ठेवा की प्रत्येक चर्चचा हो म्हणायचा रस्ता वेगळा आहे. कॅथलिक फादर पॅरिश कौन्सिलशी बोलतील, कधी आर्चबिशप हाऊसला विचारावं लागेल, सीएनआयमध्ये पास्टोरेट कमिटीसमोर विषय येईल, आणि स्वतंत्र फेलोशिपचे पास्टर तिथंच चहा पिता पिता हो म्हणून टाकतील. जो लवकर हो म्हणाला तो जास्त आत्मिक असं नसते, त्यामुळे उशीर लागला तर रागावू नका. आणि प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतला भाकर-द्राक्षरसाचा विधी, एकत्र घ्यायचा विषय या कामात आणूच नका. तो मोठा प्रश्न आहे, मनाला लागणारा आहे, पण रक्ताची बाटली त्यासाठी थांबू शकत नाही. आम्ही सुरुवातीला एक स्तोत्र वाचतो आणि प्रभूची प्रार्थना म्हणतो, ज्याला जी भाषा येते त्या भाषेत, मराठी, हिंदी, मल्याळम, तेलुगू सगळं एकदम. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

आता रक्ताचं सविस्तर सांगतो कारण एकट्या चर्चला जे जमत नाही ते इथंच नीट दिसते. आधी आमच्या एका मंडळीत वर्षातून एकदा मोठा कॅम्प व्हायचा, लोक भरपूर यायचे, सगळे खूश. पण लाल पेशी पिशवीत फार तर ३५ ते ४२ दिवस टिकतात आणि प्लेटलेट तर ५ दिवसच, म्हणजे एका दिवशी दीडशे पिशव्या देऊन पुढचे अकरा महिने काहीच नाही याचा पेशंटला किती उपयोग. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आजाराचे पेशंट खूप आहेत, आणि थॅलेसेमियाच्या मुलांना तर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतेच, त्यांचा आजार आपल्या कॅलेंडरप्रमाणे चालत नाही. त्यात मे-जूनमध्ये कॉलेजं बंद, होस्टेलची पोरं गावाला, नवतपा म्हणजे सगळ्यात कडक उन्हाचे दिवस सुरू, तेव्हा रक्ताचा तुटवडा नेहमीचाच. म्हणून पाच चर्च असतील तर पाच पाळ्या लावा, दर महिन्याला एका चर्चमध्ये तीस-चाळीस जणांचा छोटा कॅम्प. पुरुषाला ३ महिन्यांनी आणि बाईला ४ महिन्यांनी परत देता येते, त्यामुळे पाच महिन्यांनी पुन्हा त्याच चर्चची पाळी आली की तेच लोक आरामात देऊ शकतात. मे-जूनच्या पाळ्या मोठ्या मंडळ्यांना द्या.

कॅम्प आपण स्वतः घ्यायचा नसतो, लायसन्स असलेल्या रक्तपेढीची टीम बोलवायची, त्यांना महिनाभर आधी तारीख द्या. आपल्याकडून हॉल, पंखे-कूलर, पलंग किंवा मजबूत टेबल, पाणी, बिस्किटं. देणाऱ्याचं वय १८ ते ६५, वजन कमीत कमी ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५ पाहिजे. हे आधीच्या रविवारी चर्चमधल्या सूचनांमध्ये सांगा, नाहीतर बऱ्याच बहिणी हिमोग्लोबिन कमी म्हणून परत जातात आणि त्यांना वाईट वाटते. आमची एक मोठी चूक म्हणजे पहिला कॅम्प आम्ही उपवासकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या दिवसांत, ठेवला, लोक उपाशीपोटी आले, दोघांना चक्कर आली. उपवासकाळ आणि गुड फ्रायडे टाळा, ईस्टरनंतर ठेवा, आणि उपासना किंवा मिस्सा झाल्यावर आधी पोहे खाऊ घाला मगच लाइनमध्ये उभं करा.

आमच्यात मल्याळी मंडळीतल्या नर्स बहिणी आहेत, त्यांनी खरं तर हे काम उभं केलं. कोणत्या वॉर्डात कोणता कागद लागतो, कोणत्या खिडकीवर कधी जायचं हे त्यांना पाठ आहे. प्रत्येक चर्चकडे अशी काहीतरी वेगळी ताकद असते, ती शोधा.

एक नियम आम्ही लिहून घेतला आहे आणि तो मोडू देत नाही. सेवेच्या जागी पत्रकं वाटायची नाहीत, कोणी स्वतः म्हटल्याशिवाय डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची नाही, कोणाची जात-धर्म विचारायचा नाही. ज्याचं लेकरू आत ॲडमिट आहे तो माणूस तुम्हाला नाही म्हणू शकत नाही, त्याच्या त्या अवस्थेचा फायदा घेणं बरोबर नाही असं मला मनापासून वाटते. शिवाय आजकाल लोकांच्या मनात शंका असते, ती आपल्या वागण्यातूनच जाईल. येशूच्या दाखल्यातल्या चांगल्या शोमरोन्याने वाटेत पडलेल्या जखमी माणसाला काही विचारलं नव्हतं, उलट सरायवाल्याला पैसे दिले आणि परत येतो म्हणाला.

पैशाचं सोपं ठेवा. नवीन ट्रस्ट नको, कॉमन खातं नको. एक चर्च बिस्किटं आणेल, एक कूलरचं भाडं देईल, ज्याचं त्यानं दुकानदाराला थेट द्यायचं आणि बिलाचा फोटो ग्रुपवर टाकायचा. व्हॉट्सॲप ग्रुपवर गुड मॉर्निंग आणि फॉरवर्ड बंद.

आणखी एक यादी करून ठेवा, कोणाकडे स्वयंपाकाचे किती मोठे गंज (पातेली) आहेत, किती सतरंज्या, कोणाचा हॉल रात्री उघडता येतो, चावी कोणाकडे. २३ सप्टेंबर २०२३ ला, शनिवारी पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला आणि नाग नदीचं पाणी घराघरात शिरलं, तेव्हा मदत करायची सगळ्यांची इच्छा होती, पण कोणाला फोन करायचा हेच दुपारपर्यंत कळत नव्हतं. एका जागी दोन चर्चची खिचडी पोहोचली आणि बाजूच्या गल्लीत कोणीच गेलं नाही. यादी त्यानंतर केली, आधी करायला पाहिजे होती.

शेवटचं, पाळकांच्या बदल्या होतात, कॅथलिक असो, सीएनआय असो की मेथॉडिस्ट. आमचं काम दोनदा यामुळेच थांबलं होतं. म्हणून पाळ्यांची वही सभासदाकडे ठेवा, पाळकाकडे नको, आणि नवीन पास्टर किंवा फादर आले की पहिल्याच आठवड्यात ती वही घेऊन पाचही जण त्यांना भेटायला जा, आणि त्यांच्या चर्चच्या पाळीची तारीख तिथंच बसून त्यांच्या डायरीत लिहून घ्या.